यंत्राचें अक्षरज्ञान

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल कामशेत मागें टाकून मळवलीस थांबली, म्हणजे उतरणाऱ्या प्रवाशापुढें दोन वाटा असतात. एक वाट दक्षिणेस भाजे गांवावरून विसापूर व लोहगड या किल्ल्यांकडे चढत जाते. दुसरी उत्तरेस इंद्रायणी ओलांडून कार्ले येथील लेण्यांकडे वळते. पावसाळ्यांत दोहों बाजूंच्या दऱ्या धुक्यानें भरून जातात आणि डोंगर कोठें संपला व आभाळ कोठें सुरू झालें, हें कळेनासें होतें.

एवढ्या लहानशा वर्णनांतून पांच शब्द बाजूला काढावे: मळवली, विसापूर, कार्ले, इंद्रायणी आणि दऱ्या. तिसऱ्या इयत्तेंतील मूल हे शब्द न अडखळतां लिहील. परंतु जें यंत्र क्षणार्धांत कोट्यवधि बेरजा करतें, त्याला हे पांच शब्द नीट दाखवितां येतीलच असें नाहीं. असें कां व्हावें, आणि तें होऊं नये म्हणून यंत्रावर कोणती सामग्री कोणत्या क्रमानें बसवावी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

असें समजूं या कीं, मळवलीच्या एखाद्या घरांत आजोबांची एक जुनी वही आहे. गांवच्या विहिरी, शेतांचीं नांवें, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब, कोणत्या वर्षीं इंद्रायणीचें पाणी कोठवर चढलें त्याचीं टिपणें, असा तिच्यांतील मजकूर आहे. कागद पिवळा पडला आहे व कडा झडूं लागल्या आहेत. नातू पुण्यास महाविद्यालयांत शिकतो. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर काम करण्याची त्याला संवय आहे. तो म्हणतो, "आजोबा, तुमची वही मी यंत्रांत उतरून ठेवतों." आजोबा विचारतात, "उतरून ठेवशील रे, पण पन्नास वर्षांनीं ती कोणाला वाचतां येईल का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराला यंत्राच्या पोटांत शिरावें लागतें.

नातवाला यंत्रावर मुख्यतः दोन साधनें बसवावयाचीं आहेत. पहिलें साधन एडिटर. मजकूर लिहिणें, खोडणें, शोधणें व जतन करणें हें त्याचें काम. अक्षर जाड करणें, चौकटी आंखणें असला शृंगार तो करीत नाहीं. तो केवळ मजकूर सांभाळतो, आणि म्हणूनच त्याची फाइल दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावर उघडतां येते. दुसरें साधन टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलाची नक्कल करणारा प्रोग्राम. ही नक्कल कोणाची, हें कळल्यावांचून पुढील अडचण उमजणार नाहीं.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्सन व डेनिस रिची हे त्याचे प्रमुख कर्ते. त्या काळीं संगणकाशीं बोलावयाचें तें टेलिप्रिंटरसारख्या यंत्रावरून: कळ दाबली कीं एक अक्षर तारेनें जाई, आणि उत्तराचीं अक्षरें कागदावर एकामागून एक उमटत. पुढें कागदाची जागा कांचेच्या पडद्यानें घेतली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीनें १९७८ सालीं काढलेलें व्हीटी-१०० हें टर्मिनल इतकें प्रसार पावलें कीं, त्याची रीत हीच सर्वांची रीत होऊन बसली. त्याच्या पडद्यावर सामान्यतः चोवीस ओळी व प्रत्येक ओळींत ऐंशीं घरें, म्हणजे एकूण १९२० घरें असत. एका घरांत एक अक्षर, अक्षर उमटलें कीं खूण एक घर पुढें, असा त्याचा सरळ हिशेब होता. आज तें टर्मिनल संग्रहालयाची वस्तु झालें आहे. परंतु त्याची नक्कल करणारे प्रोग्राम लक्षावधि यंत्रांवर चालतात, आणि तो घरांचा हिशेबहि त्यांच्याबरोबर चालत आला आहे.

रोमन लिपीला हा हिशेब सोयीचा पडतो. आपल्या लिपीचा स्वभाव मात्र निराळा आहे. तो स्वभाव त्या पांच शब्दांवरूनच पाहूं.

'मळवली' यांत डोळ्याला चार अक्षरें दिसतात. यंत्र मात्र म, ळ, व, ल आणि दीर्घ वेलांटी असे पांच संकेत साठवितें. येथें फार बिघडत नाहीं. 'विसापूर' यांत बिघडतें. ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत 'व'च्या नंतर येते, परंतु लिहितांना ती 'व'च्या आधीं काढावयाची असते. हा उलटा क्रम ज्या टर्मिनलाला ठाऊक नाहीं तें वेलांटी 'व'च्या उजवीकडे ठेवतें. मग ती पुढील 'स'ला चिकटल्यासारखी दिसते आणि विसापूरचा किल्ला भलत्याच नांवानें वाचला जातो. 'कार्ले' यांतील 'र' आपली जागा सोडून 'ले'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'इंद्रायणी' यांत डोळ्याला अक्षरें दिसतात चार. यंत्रांतले संकेत होतात नऊ. आणि टर्मिनलाच्या नेहमींच्या नियमानें घरें मोजलीं जातात सात, कारण अनुस्वार व हलन्ताची खूण यांना तें घर देत नाहीं, पण काना व वेलांटी यांना देतें. चार, नऊ आणि सात हे तीन हिशेब एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि लिहिणाऱ्याची खूण पडद्यावर एका जागीं दिसते तर खोडलें जातें दुसऱ्याच जागचें.

राहिला शब्द 'दऱ्या'. येथें प्रश्न नुसत्या शोभेचा नाहीं, अर्थाचा आहे. मराठींत 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. दोहोंमधील भेद त्या 'र'च्या रूपावर अवलंबून आहे: पहिल्यांत तो आडव्या पापणीसारखा, दुसऱ्यांत डोक्यावरील रफारासारखा. ज्या यंत्राला हें पापणीचें रूप येत नाहीं, तें सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र आणून सोडील. आचार्याला दिलेली दक्षिणा आचाऱ्याला पोंचविणारें तेंच यंत्र.

यंत्र आणि देवनागरी यांचा हा तंटा नवा नाहीं. छापखान्यांत देवनागरीसाठीं शेंकडों निरनिराळे खिळे लागत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांनीं तो खटाटोप पत्करला आणि सुबक खिळ्यांसाठीं कीर्ति मिळविली. टंकलेखनयंत्र आलें तेव्हां कळा थोड्या व अक्षरें फार, असा पेंच पडला. तेव्हां लिपीच सोपी करावी, असा विचार पुढें आला. सावरकरांनीं 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यामागें यंत्राची सोय हेंहि एक कारण होतें. म्हणजे एका बाजूला लिपीसाठीं कष्टणारा कारागीर, आणि दुसऱ्या बाजूला यंत्रासाठीं लिपीला मुरड घालणारा सुधारक. दोघांचाहि हेतु चांगला होता. संगणकाच्या बाबतींत मात्र तिसरा मार्ग निघाला, आणि तो प्रौढीस पोंचला पुण्यांत, मळवलीपासून लोकलनें गांठण्यासारख्या अंतरावर.

या मार्गाचा आरंभ कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें झाला. पुढें १९८८ सालीं पुण्यास 'सी-डॅक' ही शासकीय संस्था स्थापन झाली. महासंगणकासाठीं तिचें नांव गाजलें. परंतु त्याच संस्थेंत 'जिस्ट' या नांवानें भारतीय लिप्यांचें काम चालूं झालें. मोहन तांबे यांचें नांव या कामाशीं निगडित आहे. या मंडळींनीं साध्या संगणकांत बसविण्याचीं जिस्ट कार्डें केलीं, आणि युनिक्सच्या यंत्रास जोडतां येतील अशीं जिस्ट टर्मिनलेंहि केलीं. पलीकडचें युनिक्स यंत्र परदेशी बनावटीचें, देवनागरीचा गंध नसलेलें. अलीकडे टर्मिनलाच्या पडद्यावर मात्र शुद्ध देवनागरी.

हें साधलें तें एका सोप्या तत्त्वामुळें. तत्त्व असें कीं, यंत्राच्या पोटांत अक्षराचें चित्र ठेवूं नये, उच्चाराचा क्रम ठेवावा. चित्र काय काढावयाचें तें दाखवितांना ठरवावें. 'वि' साठवितांना आधीं व, मग वेलांटी. ती वेलांटी डावीकडे काढण्याची जबाबदारी पडद्याची, साठवणाऱ्याची नव्हे. रफार, जोडाक्षर, पापणीचा र, हीं सारीं दर्शनाच्या वेळचीं रूपें. मुळांत वर्ण तेच. जुन्या वैयाकरणांनीं वर्णांची जी मांडणी केली होती, ती यंत्राला अशी अचानक उपयोगीं पडली.

याच तत्त्वावर 'इस्की' नांवाचा संकेत बांधला गेला, आणि भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं त्याला आय.एस. १३१९४ या क्रमांकानें मान्यता दिली. आठ बिटांत २५६ संकेत मावतात. त्यांतील पहिले १२८ रोमन लिपीच्या नेहमींच्या संकेताला ठेवून वरच्या अर्ध्यांत भारतीय वर्ण बसविले. त्यामुळें युनिक्सच्या जुन्या आज्ञा अबाधित राहिल्या. कळफलकाची इन्स्क्रिप्ट मांडणीहि याच विचाराची: स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला. 'ल' आणि 'ळ' एकाच कळेवर आहेत. 'ळ'साठीं तीच कळ शिफ्टसह दाबावयाची. 'मळवली' लिहितांना ही कळ दोनदां येते, एकदां शिफ्टसह, एकदां शिफ्टविना. बोट चुकलें तर मळवलीची 'मलवली' होते. पण तो दोष बोटाचा, यंत्राचा नव्हे.

असो. सरळ वाट अशी समोर असतां १९९० नंतरच्या कित्येक वर्षांत पुष्कळांनीं आडवाट धरली. छपाईसाठीं जे निरनिराळे मराठी फाँट बाजारांत आले, त्यांपैकीं अनेकांनीं रोमन अक्षरांच्याच संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविले. पडद्यावर 'क' दिसे, पोटांत मात्र एखादें रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह असे. आणि प्रत्येक फाँटची ही वांटणी वेगळी. पुस्तकें सुंदर छापलीं गेलीं, यांत शंका नाहीं. पण तो फाँट यंत्रावरून गेला कीं फाइल उघडून पाहावी तों रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी. कित्येक घरांत, संस्थांत आणि छापखान्यांत अशा फाइली पडून आहेत. त्यांतील एक अक्षरहि पुसलें गेलेलें नाहीं, पण वाचतां येत नाहीं. ज्या फाँटची वांटणी ठाऊक आहे त्याचा मजकूर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामानें परत मिळवितां येतो. जिची ठाऊक नाहीं तिच्यापुढें हात टेकावे लागतात.

या जातीचें उदाहरण मळवलीकरांना दूर शोधावयास नको. कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहांत खांबांवर व भिंतींवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. वैजयंतीचा भूतपाल नांवाचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाहून आलेले यवन आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं या लोकांनीं आपलीं नांवें दगडांत घातलीं, कारण दगडाहून टिकाऊ असें त्यांना कांहीं ठाऊक नव्हतें. दगड टिकला, अक्षरेंहि टिकलीं. परंतु ब्राह्मी लिपी बदलत गेली आणि शेवटीं तिचें मूळ रूप वाचणारा कोणी उरला नाहीं. पिढ्यान् पिढ्या लोक एकवीरेच्या दर्शनाला तेथें येत राहिले. समोर नांवें होतीं, पण तीं कोणाचीं हें सांगणारें कोणी नव्हतें. जेम्स प्रिन्सेप यानें १८३७ सालीं अशोकाच्या लेखांवरून ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हां कोठें असल्या लेखांना वाचा फुटण्याचा मार्ग मोकळा झाला.

म्हणजे लेखन टिकणें आणि वाचन टिकणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगड असो, कागद असो वा तबकडी असो, संकेताची किल्ली सर्वांच्या हातीं नसेल तर लिहिलेलें असून नसल्यासारखें. आजोबांच्या प्रश्नांतील मर्म हेंच होतें.

ती किल्ली सर्वांच्या हातीं देण्याचा मोठा यत्न म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या रूपावरून घेतली होती. युनिक्सच्या दृष्टीनें दुसरी महत्त्वाची गोष्ट १९९२ सालीं घडली. युनिक्सचेच कर्ते केन थॉम्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनीं यूटीएफ-८ ही साठवणीची रीत योजिली. तिच्यांत रोमन अक्षर पूर्वींसारखेंच एका बाइटांत राहतें व देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांत बसतो. जुनें मोडलें नाहीं आणि नव्याला जागा झाली. आज जगांतील बहुतेक मजकूर याच रीतीनें साठविला जातो. यास्तव नातवानें वही याच रीतीनें उतरावी, याविषयीं संशय राहूं नये.

आतां प्रत्यक्ष बसविण्याचें काम. येथें नवशिक्याची एक ठराविक चूक होते: तो एडिटरपासून आरंभ करतो. अक्षरें चौकोनी दिसूं लागलीं कीं तो एडिटर काढून दुसरा बसवितो, मग तिसरा, आणि अखेर मराठीच्याच नांवानें बोटें मोडतो. योग्य क्रम खालून वर जाण्याचा आहे.

प्रथम लोकेल. कोणती भाषा, कोणता देश व कोणता संकेत, याची यंत्राला दिलेली सूचना म्हणजे लोकेल. तो यूटीएफ-८चा असला पाहिजे. मराठी-भारत हा निवडला तर उत्तम, पण दुसऱ्या भाषेचा यूटीएफ-८ लोकेल असला तरी मजकूर सुरक्षित राहतो. दुसरी पायरी फाँटची. 'लोहित' हे फाँट या कामीं चांगले आहेत. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें तयार केले आणि रेड हॅट कंपनीनें ते सर्वांना मोफत वापरतां येतील अशा परवान्यानें खुले केले. २०११ पासून त्यांना मुक्त फाँटचा वेगळा परवाना लागू आहे. तिसरी पायरी कळफलकाची: इन्स्क्रिप्ट शिकावी हें बरें, कारण ती मांडणी सर्वत्र मिळते, पण रोमन उच्चारावरून मराठी लिहिण्याची सोयहि आयबससारख्या साधनानें होते.

चौथी पायरी टर्मिनलाची. युनिक्सच्या खिडक्यांबरोबर येणारा एक्सटर्म हा १९८४ सालापासून चालत आलेला, विश्वासू आणि चपळ. परंतु भारतीय लिप्यांची जुळणी त्याच्या अंगीं नाहीं. वर सांगितलेला विसापूरचा घोटाळा त्याच्यासारख्या टर्मिनलांत पाहावयास मिळतो. एम्‌एलटर्म हा बहुभाषी टर्मिनल एम्युलेटर मात्र अशा लिप्या डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेला आहे. मराठी पाहावयाची असेल तर तो निवडावा. तो बसविल्यावर त्याच्या खिडकींत ते पांच शब्द लिहून पाहावे. वेलांटी डावीकडे आली, रफार डोक्यावर चढला, दऱ्यांची पापणी दिसली, म्हणजे टर्मिनल परीक्षेस उतरला.

पांचवी व शेवटची पायरी एडिटरची. टर्मिनलाच्या खिडकींत चालणारा एडिटर मराठी स्वतः काढीत नाहीं. तो संकेत पाठवितो, काढतें टर्मिनल. यामुळें १९९१ सालापासूनचा लोकप्रिय विम कितीहि चांगला असला, तरी त्याची मराठी त्याच्या टर्मिनलाइतकीच चांगली. शिवाय घरांचा तो जुना हिशेब येथें आडवा येतो, आणि लांब ओळींत खूण भलतीकडे सरकते. यास्तव पानें भरभरून मराठी लिहावयाची असेल, तर स्वतःच्या खिडकींत चालणारा एडिटर घ्यावा. इमॅक्स हा त्यांतील मातबर. २००९ सालच्या तेविसाव्या आवृत्तीपासून त्याचा अंतर्गत संकेत युनिकोडशीं जुळलेला आहे, आणि इन्स्क्रिप्टची सोय त्याच्या पोटांतच आहे. युडिट हा लहानसा एडिटर तर अनेक लिप्यांच्या मजकुरासाठींच लिहिलेला. टर्मिनल आज्ञांसाठीं, खिडकींतला एडिटर लेखनासाठीं, अशी वांटणी केली तर पुष्कळ मनस्ताप वांचतो.

महाविद्यालयाच्या यंत्रावर आणखी एक अडचण येते. तें यंत्र अनेकांचें असतें, आणि सर्वांसाठीं कांहीं बसविण्याचा अधिकार व्यवस्थापकाकडे असतो. तेथें विद्यार्थ्यानें हट्ट करूं नये. युनिक्सची व्यवस्था अशी आहे कीं, प्रोग्रामाचा मूळ पाठ आणून तो आपल्याच घरच्या फोल्डरांत बांधतां व बसवितां येतो. फक्त बांधणीपूर्वीं ठिकाण सांगावें लागतें, आणि आज्ञा शोधण्याच्या वाटेंत, म्हणजे 'पाथ'मध्यें, त्या जागेचें नांव घालावें लागतें. दुसऱ्याच्या घराला हात न लावतां आपल्या खोलींत फळी ठोकावी, तसा हा प्रकार आहे.

मळवलीस घरीं बसून पुण्याच्या यंत्रावर काम करावयाचें, तर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या. टर्मिनल येथें असतें आणि एडिटर तेथें चालतो. आपली जात कोणती, हें टर्मिनल 'टर्म' या सूचनेनें कळवितें. तें नांव पलीकडच्या यंत्राच्या यादींत नसेल, तर बाणांच्या कळा वेड्यावांकड्या वागतात व पडदा नीट पुसला जात नाहीं. अशा वेळीं एक्सटर्मचें नांव सांगून काम भागतें. तसेंच लोकेलची सूचना पलीकडे पोंचतेच असें नाहीं. ती तेथेंहि तपासावी.

हें सारें नीट बसलें कीं नाहीं, हें डोळ्यावर विसंबून ठरवूं नये. डोळ्याला फाँट फसवितो, हें वर पाहिलेंच. युनिक्समध्यें 'डब्ल्यूसी' नांवाची जुनी, छोटी आज्ञा आहे. ती मजकूर मोजते. एका फाइलींत 'मळवली' एवढाच शब्द लिहावा व तिला विचारावें. बाइट किती, असें विचारल्यास उत्तर आलें पाहिजे सोळा: पांच संकेतांचे पंधरा आणि ओळ संपल्याच्या खुणेचा एक. अक्षरें किती, असें विचारल्यास उत्तर आलें पाहिजे सहा. दोन्हीं प्रश्नांना सोळा हेंच उत्तर आलें, तर लोकेल बसलेला नाहीं असें समजावें. दोन्हीं उत्तरें बरोबर आलीं आणि पडद्यावर मात्र अक्षर वांकडें दिसलें, तर भिण्याचें कारण नाहीं. मजकूर शाबूत आहे, दोष फाँटचा किंवा टर्मिनलाचा. उलट, पडद्यावर अक्षर देखणें पण मोजणी चुकीची, तर मात्र सावध व्हावें.

एवढ्यानें सर्व कांटे निघाले असें नाहीं. 'दऱ्या'मधील पापणीचा र दोन-तीन रीतींनीं लिहितां येतो. रूप तेंच दिसतें, पोटांतील संकेत निराळे. इंग्रजी शब्दांत लागणारें 'ॲ' हें अक्षर युनिकोडांत स्वतंत्रपणें २००८ सालीं आलें; तत्पूर्वीं तें 'अ'वर चंद्र देऊन लिहीत, आणि आजहि दोन्हीं प्रकार चालतात. परिणाम असा कीं, एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधला तर सांपडत नाहीं. नातवानें वही उतरावयास घेण्यापूर्वीं एक रीत ठरवावी आणि फाइलीच्या आरंभीं दोन ओळींत ती नोंदवून ठेवावी. लेखनिक बदलला तरी नियम बदलूं नये.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, एका वहीसाठीं इतका खटाटोप कशाला? फोटो काढून ठेवले कीं झालें. फोटो अवश्य काढावे. मूळ अक्षराचें वळण त्यांतच राहील. पण साध्या फोटोंत शब्द शोधतां येत नाहीं, विहिरींचीं नांवें वेगळीं काढतां येत नाहींत, पुराचीं वर्षें एकाखालीं एक मांडतां येत नाहींत. आणि खटाटोप म्हणाल, तर तो एकदांच करावयाचा आहे. वहींतील पानें मात्र दर पावसाळ्यांत थोडीं थोडीं कमी होत आहेत.

तेव्हां आजोबांना उत्तर काय द्यावें? पन्नास वर्षांनीं आजचें यंत्र नसेल, आजचा टर्मिनल नसेल, कदाचित् एडिटरहि दुसराच असेल. पण मजकूर सर्वांच्या माहितीच्या संकेतांत, साध्या फाइलींत, दोन-तीन ठिकाणीं प्रती करून ठेवला असेल, तर त्या वेळचें जें कांहीं यंत्र असेल त्याला तो वाचतां येईल. कार्ल्याच्या दात्यांना अशी हमी देणारा कोणी भेटला नव्हता. मळवलीच्या आजोबांना ती त्यांचा नातू देऊं शकतो. मात्र त्यानें वहीचें पहिलें पान उघडण्यापूर्वीं गांवाचें नांव लिहावें, यंत्राला मोजावयास सांगावें, आणि सोळा व सहा हीं उत्तरें आल्यावरच पुढें जावें.